अर्धी प्रदक्षिणा

अप्पा,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. मला अक्षरं जोडता यायला लागली तेव्हा तुम्ही समोर गल्ल्यावर बसलेले असायचात, आणि तुम्ही गेल्यावर पत्र टाकायला पत्ता उरला नाही. आपल्यात जाळत नाहीत, मांडी घालून बसवून माती देतात. त्यामुळे बरीच वर्षं मला वाटायचं की तुम्ही तिथं खाली अजून बसलेलेच आहात, दुकानात बसायचात तसे, पाठ ताठ, उजवा हात मांडीवर, गिऱ्हाइकाची वाट बघत. आज मीच गिऱ्हाईक आहे असं समजा. रविवार आहे, दुकान बंद आहे, अव्वा देवळात गेली आहे, आणि मी ज्वारीच्या पोत्यांच्या मधे तुमच्या जागेवर बसून लिहितोय. दुपारी होटगी रस्त्याच्या मैदानावर फटफटीची शर्यत आहे. त्यात माझं नाव आहे. गाडी तुमचीच आहे. अप्पा, मी लई भ्यालोय.

हे कसं झालं ते सांगायचं तर तुम्हाला माहीत नसलेल्या दोन गोष्टी आधी सांगायला पाहिजेत. एक म्हणजे मी कॉलेज सोडलं. दुसऱ्या वर्षाला होतो. वर्गात सर हसत हसत म्हणाले की मागवाल्यांची पोरं शिकली काय अन् न शिकली काय, शेवटी मागावरच जाणार. ते मला उद्देशून नव्हतंच, आपलं दुकान धान्याचं. पण पुढच्या बाकावर ती बसली होती, आणि तिच्या घरी यंत्रमाग आहेत, रात्रंदिवस खडखडणारे. तिची मान खाली गेलेली मी मागून बघितली आणि डोक्यात राख घालून उठलो. बोलू नये ते सरांना बोललो आणि दार आपटून बाहेर पडलो. माफी मागितली असती तर परत घेतलं असतं. मी मागितली नाही. तिनं त्याबद्दल माझं कौतुक केलं असेल असं तुम्हाला वाटेल, तर तसलं काही नाही. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, मी सांगितलं होतं का तुला उठायला? दुसरी गोष्ट म्हणजे तीच. बापाशी असलं कोण बोलतं, पण तुम्ही आता रागवायला येणार नाही म्हणून बोलतो. त्यांच्या घरात तेलुगू, आपल्या घरात कन्नड, आईलासुद्धा अव्वा, आणि आम्ही दोघं भांडतो मराठीत. एवढंच सांगतो की ती समोरून येताना दिसली की मला सायकल चालवता येत नाही, उतरावं लागतं.

तिच्या मोठ्या भावाला ती अण्णा म्हणते, म्हणून सगळी गल्ली त्याला अण्णा म्हणते. आत्ता गावात त्याच्याइतकी चांगली फटफटी कोणी चालवत नाही. आमचं त्याला कुठून कळलं कोण जाणे, पण कळलं. एकदा चहाच्या टपरीवर, दहा जणांसमोर, बशीतला चहा फुंकत फुंकत तो मला म्हणाला, "बाप शर्यत अर्ध्यात टाकून पळाला, पोरगं कॉलेज अर्ध्यात टाकून आलं. माझ्या बहिणीला कुठपर्यंत नेणार बे? होटगीपर्यंत?"

होटगी म्हणजे आपल्या स्टेशनातून गाडी सुटली की लगेच येणारं जंक्शन. सगळी टपरी हसली. टपरीवालासुद्धा हसला, ज्याला तुम्ही उधारीवर साखर द्यायचात. मी त्याची कॉलर धरली. तो हलला नाही, त्यानं चहा सांडू दिला नाही. माझा हात बाजूला केला आणि अगदी शांतपणे म्हणाला की शर्यती यंदा परत सुरू होणार आहेत, पहिली येत्या रविवारी, तू उतर, चार फेऱ्या पुऱ्या कर. नंबर आणू नको, शेवटचा ये, पण पुऱ्या कर. मग ये घरी, वडलांशी बोलायला मी स्वतः तुला खुर्ची देतो. मी म्हणालो, रविवारी बघ. एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असेल? तोंडातून शब्द गेला, तेव्हापासून मी भ्यालेलाच आहे.

तसं भिणं मला नवीन नाही. लहानपणी तुम्ही मला मैदानावर न्यायचात तेव्हापासूनचं आहे ते. इतर पोरं हट्ट करून यायची. मी यायचो, कारण मी नाही आलो तर तुमचं काहीतरी होईल असं मला वाटायचं. ते गोल मैदान मला आजही डोळे मिटून काढता येईल. लाल मुरूम, आतली कड चुन्यानं आखलेली, बाहेरच्या कडेला कडब्याच्या पेंढ्या लावलेल्या, म्हणजे कोणी पडलं तर त्यात जाऊन पडावं. चार गाड्या, चार फेऱ्या. गाड्यांना दिवे नाहीत, चिखलाचे पत्रे नाहीत आणि ब्रेकही नाहीत. ब्रेक आधीच काढून ठेवायचे, कारण त्या मुरमावर कोणी वळणात ब्रेक दाबला तर तो स्वतः पडतो आणि मागच्या तिघांना पाडतो. तुम्ही हँडलवरची ब्रेकची मूठ पान्यानं सोडवायचात आणि सांभाळायला माझ्या हातात द्यायचात. बाकीची माणसं आपापल्या मुठी खिशात टाकायची. तुम्ही मात्र मला म्हणायचात, धर घट्ट, गाडी तुझ्या हातात आहे. तुम्ही ती चेष्टा करत होतात. मला ती चेष्टा कधी वाटलीच नाही. गाड्या सुटल्या की मी ती मूठ दोन्ही हातांनी आवळून दाबत बसायचो, बोटं पांढरी पडेपर्यंत, आणि तुम्ही वळणावर हळू झालात की मला वाटायचं माझ्यामुळंच झालात.

आणि तो वास. इंजिनात एरंडेल घालायचे तुम्ही लोक. ते जळलं की सगळ्या मैदानावर गोडसर, जाडसर वास पसरायचा. पोट साफ होण्यासाठी अव्वा चमच्यातून पाजायची तेच एरंडेल. त्यामुळे शर्यतीच्या भीतीची आणि त्या चमच्याची माझ्या मनात गल्लत होऊन बसली आहे. परवा गाडीत भरायला बाटली आणली, बूच उघडलं आणि मागच्या गटारीशी जाऊन ओकलो.

तुम्ही शर्यतीला कसे दिसायचात? हे मला लिहून ठेवायचंय. धान्याच्या दुकानातला माणूस, पांढरा पायजमा मोज्यांत खोचलेला, अंगात जाड कोट, डोक्याला चामड्याची टोपी, कपाळावर सकाळची विभूती, आणि डाव्या बुटाच्या तळाला लोहाराकडून मारून घेतलेला लोखंडी पत्रा. कारण वळणं सगळी डावीकडचीच. डावा पाय जमिनीवर टेकवून, घासत, गाडी जवळजवळ आडवी करून तुम्ही वळायचात. मागचं चाक बाहेर पळायचं आणि तुम्ही पुढचं चाक उलट, उजवीकडे धरायचात. बघणाऱ्याला वाटावं हा माणूस गेलाच आता बाहेर. पत्र्याखालून ठिणग्या निघायच्या. शर्यत झाली की चेहरा मुरमानं लाल, विभूतीचे पट्टे घामानं वाहून गेलेले, आणि घरी येईपर्यंत तुम्ही डाव्या पायानं टक टक वाजत चालायचात. अव्वा आतूनच ओळखायची, आणि दार उघडायला मुद्दाम उशीर करायची.

अव्वा मैदानावर कधी आली नाही. तिची तक्रार फटफटीबद्दल नव्हती, पडण्याबद्दलही नव्हती. तिचं म्हणणं होतं की देवाला उजव्या हाताला ठेवून फिरतात, आणि हे मैदान डाव्या हाताला ठेवून फिरतात. उलटे फेरे. तिच्या कन्नडात फेरीला सुत्तु म्हणतात आणि दोरा गुंडाळण्यालाही सुत्तुच म्हणतात. भाकरी थापता थापता ती तुम्हाला सुनवायची की उलटे सुत्तु माणसाभोवती गुंडाळत जातात, एक दिवस हलता येणार नाही. तुम्ही ताटावर बसून हसायचात. म्हणायचात, अगं ते डावं उजवं देवाला असतं, इंजिनाला कुठलं आलंय. मग शेंगाची चटणी मागायचात आणि विषय संपायचा. तुमचा संपायचा. माझा कुठं संपायचा? मी चुलीशी बसून ते ऐकलेलं असायचं, आणि मला तुमच्याभोवती दोरा दिसायला लागायचा. एका शर्यतीत चार फेरे. तुम्ही दिवसात तीन-तीनदा उतरायचात. किती गुंडाळलं गेलं असेल?

आता त्या दिवसाचं. दुष्काळाच्या आदल्या वर्षी, उन्हाळा लागता लागता, तुमची शेवटची शर्यत. तेव्हा ती शेवटची आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. धूळ बसावी म्हणून टँकरनं मैदानावर पाणी मारलं होतं, आणि उरलेलं पाणी टँकरवाल्यानं पलीकडच्या वळणाशी सोडून दिलं होतं. त्याची बारीक धार पेंढ्यांच्या बुडातून निघून बाहेर बाभळींकडं वाहत होती. मी नेहमीसारखा मैदानाच्या कडेच्या चहाच्या टपरीपाशी मूठ घेऊन उभा होतो. गाड्या सुटल्या, पहिल्याच वळणाला तुम्ही पुढे गेलात, आणि माझ्या डोक्यात एकदम आलं की नुसतं उभं राहून काय होणार, सोडवायला पाहिजे. म्हणून मी पेंढ्यांच्या बाहेरून पळायला लागलो. मैदान उजव्या हाताला ठेवून. देवळात फिरतात तसा. तुमच्या उलट.

मी पळतोय. मुठीचं टोक तळहाताला रुततंय. गाड्या समोरून येतायत, पेंढ्यांवरून फक्त टोप्या दिसतायत, आणि मी मनात म्हणतोय, एक सुटला, एक सुटला. पलीकडच्या वळणाशी पोचलो आणि समोर ती पाण्याची धार. तुम्हाला सांगायला नको, आपल्या गल्लीतल्या महादेवाला आपण अर्धीच प्रदक्षिणा घालतो. अभिषेकाचं पाणी पन्हाळीतून बाहेर येतं, ते ओलांडायचं नाही, तिथूनच परत फिरायचं. तुम्हीच मला बोटाला धरून शिकवलंत. एकदा मी उडी मारायला गेलो तर तुम्ही मला शर्टाच्या मागून धरून उचललं होतं. तर मी थांबलो. परत फिरलो. आणि दहा पावलं गेल्यावर कळलं की परत फिरलो म्हणजे मी आता तुमच्याच दिशेनं चाललोय, म्हणजे सोडवलेलं पुन्हा गुंडाळतोय. देवाला अर्धी चालत असेल, पण इथं कुठं देव होता? पुन्हा वळलो, पाण्यापाशी आलो. ओलांडता येत नाही, परत जाता येत नाही. तोवर तुमची दुसरी फेरी गेली. तिसऱ्या फेरीला मला उपाय सुचला. धार जिथून सुरू होत होती तिच्या वरून वळसा घालायचा. म्हणजे दोन पेंढ्यांच्या मधून आत, मैदानात, दोन पावलं, आणि पलीकडच्या फटीतून बाहेर. मी अंग चोरून आत शिरलो आणि एक पाय मुरमावर टाकला.

मला एवढंच आठवतंय की कानठळ्या बसवणारा आवाज एकदम अंगावर आला, मी मागे कोसळलो, आणि माझ्यापासून चार हातांवर पेंढ्या उडाल्या. धूळ बसली तेव्हा तुम्ही बाभळींमधे होतात, गाडी एका बुंध्याला टेकलेली, तुम्ही तिच्यावर बसलेलेच. बाकीचे तिघं निघून गेले होते. मी पळत सुटलो तो टपरीमागच्या बाकाखाली येऊन बसलो. मला कुणी पाहिलं नाही अशी माझी खात्री होती. आणि अप्पा, मला आनंद झाला होता. तुम्ही जिवंत बाहेर आलात, काटे टोचण्यापलीकडं काही झालं नाही, ते माझ्यामुळंच, असं मला वाटत होतं. मी दोरा सोडवला होता.

तुम्ही गाडी ढकलत बाहेरून चालत आलात. लोक ओरडत होते. सगळ्यांच्या पुढे होता, नाक सरळ करून बाभळीत घुसला, काय झालं काय? कोणी म्हणालं, लेंगा सुटला वाटतं. कोणी म्हणालं, सावकाराला घरची आठवण आली. तुम्ही टपरीशी आलात, बाकाखाली वाकून मला बाहेर घेतलंत, माझ्याकडे बघत राहिलात, आणि मग त्यांच्याकडे न बघताच म्हणालात, "आमी महादेवाची माणसं. आमची प्रदक्षिणा अर्धीच असती."

मैदान हसलं. तुम्हीही हसलात. माझ्या हातातून मूठ घेऊन पान्यानं परत बसवायला लागलात, आणि पाना बोल्टवर बसेना. शेवटी ती मूठ तशीच सैल ठेवून आपण घरी आलो, टक टक वाजत. अव्वानं विचारलं, एवढ्या लवकर? तुम्ही बूट काढत म्हणालात, भ्यालो. तुमच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला, आणि मला तुमची लाज वाटली. भ्यायचं काम माझं होतं. तुम्हीही भ्यायला लागलात तर मग मूठ धरायची कुणी?

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी तुम्ही मला मारलंत. आयुष्यातला एकच मार. नव्या पेठेत रस्ता ओलांडताना मी तुमचा हात सोडून पुढे गेलो आणि टांगा आला, टांगेवाल्यानं लगाम ओढला, काही झालं नाही. तुम्ही मला फुटपाथवर आणलंत आणि कानाखाली अशी वाजवलीत की टांगेवालाच म्हणाला, अहो, राहू द्या की, लेकरू आहे. तुम्ही म्हणालात, "पाय टाकायच्या आधी बघायचं. तिथंबी तसंच केलास." आणि एकदम थांबलात. तिथं म्हणजे कुठं, हे मी विचारलं नाही. कान गरम झाला होता. मग तुम्ही मला उसाचा रस पाजलात, वर आणि स्वतःचा पेलाही मला दिलात. मी तोही प्यायलो. तुम्ही गाडीवाल्याच्या चरकाकडे बघत उभे होतात.

पुढच्या वर्षी पाऊस आला नाही. कडब्याला सोन्याचा भाव आला, मैदानाला पेंढ्या कोण लावणार? शर्यती बंद पडल्या. दुकानात ज्वारी येईना, लोक मिलो म्हणजे लाल परदेशी ज्वारी घेऊन जायचे आणि तुम्हाला शिव्या द्यायचे, जणू तुम्हीच पिकवलीय. त्यातच तुम्हाला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे झालेले तुम्ही दवाखान्यातल्या खाटेवर उताणे पडलेले, एवढंच मला दिसतं. तुम्ही आडवे झालेले मी वळणाशिवाय कधी बघितले नव्हते. शर्यतीबद्दल तुम्ही परत काही बोलला नाहीत. गावानं मात्र लक्षात ठेवलं. तुम्ही आठ वर्षं जिंकलात हे आता कोणी काढत नाही. अर्ध्यात सोडलं, एवढंच काढतात. अव्वानं दुकान हातात घेतलं, गल्ल्यावर बसली, आणि फटफटी मागच्या खोलीत पोत्यांखाली गेली. विकली मात्र नाही. का ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

काल मी सराव करायला मैदानावर गेलो होतो. अण्णा आणि त्याची पोरं तिथं होतीच, पेंढ्या लावत. मला भीती होती ती पडण्याची. हाड मोडेल, तोंड फुटेल, ती बघायला आली तर तिच्यासमोर पडेन, असा मी मनात शंभरदा पडून झालो होतो. गाडीवर बसलो, पहिली फेरी जेमतेम. दुसऱ्या फेरीला हात जरा सुटले. पलीकडच्या वळणाला मागचं चाक बाहेर पळालं, मी तुमच्यासारखं हँडल उलट धरलं, आणि क्षणभर सगळं जमल्यासारखं वाटलं. तेवढ्यात दोन पेंढ्यांच्या फटीतून एक बाई आत आली. शेण गोळा करणारी, डोक्यावर पाटी. एक पाय मुरमावर.

अप्पा, गाडीवरून सगळं दिसतं. मला वाटायचं एवढ्या वेगात, धुळीत, नुसते रंग दिसत असतील. तसं नाही. तिच्या पायातलं जोडवं दिसलं मला. तिनं मला अजून पाहिलं नव्हतं, ते दिसलं. मी काय केलं ते मला सांगता येणार नाही, हातांनीच केलं. गाडी सरळ झाली, पेंढ्या अंगावर आल्या, आणि मी बाभळींमधे जाऊन थांबलो. बाई शिव्या देत निघून गेली. आणि मैदानाच्या त्या बाजूनं अण्णाच्या पोरांचं हसू आलं. बापाच्याच वाटेनं गेला की बे, कोणीतरी म्हणालं. वळणाच्या धुळीत त्यांना बाई दिसलीच नव्हती.

मी तिथंच बसून राहिलो. गाडी बंद पडली होती. आणि तेव्हा कळलं. तुम्ही मला एकदा नाही, तिन्ही फेऱ्यांना बघितलं असणार. समोरून, उलट्या दिशेनं, हातात मूठ घेऊन पळणारं तुमचं पोर. पाण्याशी अडलेलं, वळलेलं, परत आलेलं. मी काय करतोय हे तुम्हाला गाडीवरूनच कळलं होतं. तुम्हीच शिकवलं होतंत ते. टपरीवर ते अर्ध्या प्रदक्षिणेचं बोललात ते त्या हसणाऱ्यांना नव्हे, मला बोललात. आणि भ्यालो म्हणालात ते खरं होतं, अक्षरशः खरं. मीच त्याचा अर्थ दुसरा लावून बसलो.

काल संध्याकाळी ती देवळाच्या कट्ट्याशी भेटली. तिला तिच्या अण्णानं हसत हसत सगळं सांगितलं होतं. मला वाटलं तीही हसेल, नाहीतर म्हणेल, उतर, करून दाखव. मी आपणहून सांगायला लागलो की उद्या चार फेऱ्या पुऱ्या करतोच, कसा वळणार, कुठं हात सोडणार. ती ऐकत होती. नखात अडकलेलं सूत काढत होती. मग म्हणाली, "तू पडलास तर मला कोण सांगायला येणार? मी तुझी कोण?"

मी म्हणालो, मी पडणार नाही. ती म्हणाली, तसं नव्हे. मला बातमी कळेल ती माग चालू असताना. अण्णा येऊन दारात सांगेल, घरातली हळहळतील, आणि मला मागातला धोटा बदलत उभं राहावं लागेल. तोंडसुद्धा वाकडं करता येणार नाही. एवढं बोलून ती उठून गेली. तिच्या पाठीला कापसाची तूस चिकटलेली होती आणि ती झटकायचासुद्धा मला हक्क नव्हता.

काल गाडीवरून मला ते जोडवं दिसलं, तसं आता हे दिसतंय. मागांची खडखड, दारात अण्णा, आणि तिचा काही न दाखवणारा चेहरा. हे दिसल्यावर मला फेरी पुरी करता येणार नाही. म्हणून मी ठरवलंय की दुपारी उतरायचं नाही. शर्यतीच्या आधीच तिच्या घरी जायचं, खुर्ची मिळो न मिळो, तिच्या वडलांसमोर उभं राहायचं, आणि अण्णासमोरच सांगायचं की मी भ्यालो, फेऱ्या होणार नाहीत, पण मला तुमच्या मुलीशी लग्न करायचंय. कॉलेजात सरांची माफी मागून परत बसायला मी तयार आहे, हेही सांगायचं. ते मला हाकलून देतील बहुतेक. अण्णा हसेल. तुमच्याबद्दलचं खरं त्याला सांगून त्याचं तोंड बंद करावं असं काल रात्रभर वाटत होतं. पण तुम्ही स्वतः ते कुणाला सांगितलं नाहीत, दहा वर्षांच्या पोराच्या माथी मारलं नाहीत. मग मी आता ते माझ्या कामासाठी कशाला बाहेर काढू? त्याच्या टोमण्यातला अर्धा भाग माझा आहे, त्याचं उत्तर मला माझ्याच तोंडानं द्यायचंय.

अव्वा आत्ता देवळातून आली. विभूती लावून गेली माझ्या कपाळाला. कालच्या कपड्यांवरचा लाल मुरूम तिला दिसलेला आहे. हे पत्र मी घडी घालून ज्वारीच्या पोत्यात खाली सारणार आहे, तळाची ज्वारी विकली जाईपर्यंत राहील तिथं. फटफटी दारातच उभी आहे, पण तिच्यावर बसलो तर मी कुठं वळेन याचा मला भरवसा नाही, म्हणून चालत जाणार आहे. त्यांचं घर लांब नाही. आणि खरं सांगू का अप्पा, हे लिहायला बसायच्या आधी मी दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलोय.